म्युच्युअल फंडाचा लाभांश नेमका कोणाच्या खिशातून येतो?

फेब्रुवारी-मार्च आला की फंडांनी लाभांश जाहीर केल्याचे मेसेज फिरू लागतात. कोणी युनिटमागे दोन रुपये दिलेले असतात, कोणी पाच. ज्यांनी ग्रोथ पर्याय घेतलेला असतो त्यांना चुटपुट लागते. शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आले, माझ्या खात्यात काहीच नाही, म्हणजे माझं काही चुकलं का? ज्यांच्या खात्यात पैसे येतात ते तेवढ्यापुरते खूश असतात. पुढे विवरणपत्र भरायची वेळ आली की तीच रक्कम उत्पन्नात धरलेली दिसते आणि त्यावरचा कर वेगळा भरावा लागतो.

हा सगळा गोंधळ फंडाच्या फॉर्मवरच्या एका छोट्या चौकटीतून सुरू होतो. तिथे ग्रोथ की लाभांश एवढीच खूण करायची असते. बहुतेक वेळा ती खूण वितरक करतो, किंवा मोबाइल ॲपवर जे आधीच निवडलेलं असतं ते तसंच राहतं. कोणता फंड घ्यावा यावर घरात चार दिवस चर्चा होते आणि या चौकटीवर चार सेकंदही जात नाहीत. वीस वर्षांच्या गुंतवणुकीत ती लाखो रुपयांचा फरक पाडू शकते, म्हणून ती नीट समजून घेऊ.

दोन पर्याय, पण फंड एकच

म्युच्युअल फंड अनेकांचे पैसे एकत्र करून शेअर किंवा रोखे घेतो. त्यातला तुमचा हिस्सा युनिटमध्ये मोजतात. एका युनिटची त्या दिवशीची किंमत म्हणजे एनएव्ही.

ग्रोथ पर्यायात फंडाला झालेली सगळी कमाई फंडातच राहते आणि एनएव्ही वाढत जाते. लाभांश पर्यायात फंड अधूनमधून काही रक्कम वाटतो आणि तेवढी एनएव्ही कमी होते. या दुसऱ्या पर्यायाचं अधिकृत नाव आता आयडीसीडब्ल्यू आहे. त्यातही दोन वाटा आहेत. वाटलेली रक्कम बँक खात्यात घ्या, किंवा तिचे त्याच फंडाचे आणखी युनिट घ्या.

दोन्ही पर्यायांचे पैसे एकाच तिजोरीत असतात. तेच शेअर, तोच व्यवस्थापक, तोच खर्च. लाभांशवाल्यांसाठी वेगळे शेअर घेतले जात नाहीत. त्यामुळे ग्रोथ जास्त जोखमीचा आणि लाभांश सुरक्षित, हा सर्रास ऐकू येणारा समज चुकीचा आहे. बाजार पडला की दोन्ही सारख्याच टक्क्यांनी पडतात.

आणखी एक घोळ इथेच सोडवून टाकू. 'डिव्हिडंड यील्ड फंड' नावाचा फंडांचा एक प्रकार आहे. भरघोस लाभांश देणाऱ्या कंपन्यांचे शेअर घेणारा तो फंड. त्यातही ग्रोथ आणि आयडीसीडब्ल्यू असे दोन्ही पर्याय मिळतात. कोणत्या कंपन्यांत पैसे गुंतवायचे हा एक निर्णय आणि कमाई आत ठेवायची की बाहेर काढायची हा दुसरा. हा लेख दुसऱ्या निर्णयाबद्दल आहे.

कंपन्यांचा लाभांश ग्रोथवाल्यांनाही मिळतोच

"ग्रोथ घेतलं तर कंपन्यांनी दिलेला लाभांश फंडवाले खातात का?" हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे, आणि तो रास्त आहे. फंडाकडे ज्या कंपन्यांचे शेअर आहेत त्या वर्षभरात लाभांश देतात. तो फंडाच्या खात्यात येतो आणि लगेच एनएव्हीत मिसळतो. ग्रोथवाल्याच्या एनएव्हीत त्याचा वाटा असतोच, फक्त तो वेगळा दिसत नाही. २०१८ पासून फंडांना आपल्या कामगिरीची तुलना टोटल रिटर्न इंडेक्सशी, म्हणजे लाभांशही मोजलेल्या निर्देशांकाशी करावी लागते, त्याचं कारण हेच. पूर्वी लाभांश धरलेला फंड आणि लाभांश न धरलेला निर्देशांक शेजारी ठेवले जात आणि फंड उगाच हुशार दिसे.

शेअरचा लाभांश आणि फंडाचा लाभांश यांत मात्र मोठा फरक आहे. कंपनी व्यवसायातून कमावलेल्या पैशातून लाभांश देते. फंडाचा स्वतःचा व्यवसाय नसतो. त्याच्याकडे जे आहे ते तुमचंच आहे. त्याने तुम्हाला पाच रुपये दिले तर ते तुमच्याच शंभरांतून दिलेले असतात.

आपल्याच कणगीतलं धान्य

घरात धान्याची कणगी आहे असं समजा. वर्षाला लागेल तसं तुम्ही त्यातून पायलीने धान्य काढता. आता तुम्ही एक माणूस नेमला आणि त्याला सांगितलं की तुला वाटेल तेव्हा, वाटेल तेवढं धान्य काढून माझ्या अंगणात आणून ठेव. तो कधी पोतं आणून ठेवील, कधी सहा महिने काहीच नाही. अंगणात पोतं दिसलं की आनंद होईल, पण कणगी तेवढीच खाली गेलेली असेल. लाभांश पर्याय म्हणजे हा माणूस. धान्य तुमचंच, तारीख त्याची आणि मापही त्याचंच.

हेच आकड्यांत पाहू. तुम्ही १०० रुपये एनएव्ही असताना १० लाख रुपये गुंतवले. १०,००० युनिट मिळाले. वर्ष उलटून गेलं, एनएव्ही ११० झाली, तुमचे झाले ११ लाख. आता तुम्हाला ५५,००० रुपये हवे आहेत.

लाभांश पर्यायात फंडाने युनिटमागे साडेपाच रुपये दिले. तुमच्या हाती ५५,००० आले. एनएव्ही ११० वरून १०४.५० झाली. १०,००० युनिट गुणिले १०४.५० म्हणजे फंडात उरले १०,४५,०००.

ग्रोथ पर्यायात तुम्ही स्वतः ५०० युनिट विकले. ५०० गुणिले ११० म्हणजे तेच ५५,०००. उरले ९,५०० युनिट, गुणिले ११०, म्हणजे तेच १०,४५,०००.

हाती तेवढेच पैसे, मागे उरले तेवढेच पैसे. लाभांशामुळे कोणी एक रुपयानेही श्रीमंत झालं नाही. फरक पडतो तो पुढे, कराच्या हिशेबात. वरच्या उदाहरणात लाभांशाचे पूर्ण ५५,००० तुमच्या उत्पन्नात धरले जातात. युनिट विकताना मात्र त्या ५०० युनिटांची खरेदी किंमत ५०,००० वजा होते आणि नफा म्हणून फक्त ५,००० मोजले जातात. तीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असलेल्या माणसाला पहिल्या वाटेने उपकर सोडून १६,५०० रुपये कर लागतो. दुसऱ्या वाटेने, वर्षभरात दुसरा मोठा नफा नसेल तर, शून्य.

सेबीला नाव का बदलावं लागलं

एप्रिल २०२१ पर्यंत या पर्यायाला सरळ 'डिव्हिडंड' म्हणत. म्युच्युअल फंडांवर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने ऑक्टोबर २०२० मध्ये आदेश काढला आणि १ एप्रिल २०२१ पासून नाव झालं 'इन्कम डिस्ट्रिब्युशन कम कॅपिटल विड्रॉवल', म्हणजेच आयडीसीडब्ल्यू. उत्पन्नाचं वाटप आणि सोबत भांडवल काढून घेणं, असा त्याचा अर्थ. नाव अवघड आहे, पण ते देण्यामागचं कारण प्रत्येक गुंतवणूकदाराने समजून घ्यावं असं आहे.

एक फंड १० रुपयांनी सुरू झाला आणि त्याची एनएव्ही १४ झाली. आज तुम्ही १४ रुपये देऊन युनिट घेतलं. तुम्ही अजून काहीच कमावलेलं नाही, तुमचे १४ च्या १४ रुपये मुद्दल आहे. फंडाच्या वहीत मात्र त्या १४ पैकी फंडाच्या आजवरच्या नफ्यापोटी आलेला भाग वेगळ्या राखीव खात्यात जातो आणि पुढे लाभांश वाटताना ते खातं वापरता येतं. पुढच्याच आठवड्यात फंडाने एक रुपया वाटला तर तुमचाच एक रुपया तुम्हाला परत मिळाला. तुम्ही त्याला कमाई समजता आणि आयकर खातंही त्याला उत्पन्नच समजतं. आपलंच मुद्दल परत घेऊन त्यावर कर भरायचा, अशी ही गत. आता फंड घराण्यांना, म्हणजे फंड चालवणाऱ्या कंपन्यांना, खाते उताऱ्यात वाटपापैकी उत्पन्न किती आणि भांडवल किती हे वेगळं दाखवावं लागतं. तुमच्याकडे असा फंड असेल तर तो रकाना एकदा तरी बघा.

या गैरसमजाची किंमत लोकांनी मोजलेली आहे. २०१५ ते २०१८ च्या सुमारास शेअर आणि रोखे दोन्ही असलेले बॅलन्स्ड फंड 'दरमहा एक टक्का लाभांश' असं सांगून विकले गेले. बँकेतल्या मुदत ठेवीचे व्याज घटत होते, त्यामुळे निवृत्त मंडळींनी ठेवी मोडून पैसे तिथे नेले. लाभांशाची हमी कधीच नव्हती आणि फंडाच्या कागदपत्रांत तसं स्पष्ट लिहिलेलंही होतं. विकणाऱ्याच्या तोंडी मात्र ते नव्हतं. २०१८ मध्ये लाभांशावर कर आला, बाजारही डळमळला आणि अनेकांचा महिन्याचा आकडा खाली आला. या काळात ज्यांचं घर त्या पैशांवर चालत होतं त्यांच्याबद्दल मला आजही वाईट वाटतं.

लाभांशाची ओढ कुठून आली

ती काही आजची नाही. युनिट ट्रस्टने १९६४ मध्ये यूएस-६४ ही योजना आणली आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांनी तिच्या वार्षिक लाभांशावर भरवसा ठेवला. नोकरदार आणि निवृत्त माणसाला शेअर बाजार म्हणजे सट्टा वाटे, युनिट मात्र घरचं वाटे. त्या योजनेची खरेदी-विक्रीची किंमत तिच्या खऱ्या मालमत्तेच्या मूल्याशी बांधलेली नव्हती. मूल्याला झेपत नसतानाही लाभांश देणं आणि किंमत टिकवणं चालू राहिलं, आणि जुलै २००१ मध्ये युनिटची विक्री व परत खरेदी दोन्ही थांबवावी लागली. पुढे सरकारला मदतीला यावं लागलं. लाभांश येतोय म्हणजे आतलं सगळं ठीक आहे, असं मानता येत नाही. हे आपल्याकडे एवढ्या मोठ्या प्रमाणावर घडून गेलं आहे.

त्याच काळातली एक मोजण्याची पद्धत आजही डोक्यात बसलेली आहे. 'पन्नास टक्के लाभांश' हे ऐकायला केवढं वाटतं! हे टक्के बहुधा १० रुपये दर्शनी किमतीवर मोजलेले असतात. पन्नास टक्के म्हणजे पाच रुपये. एनएव्ही १०० असेल तर ते झाले पाच टक्के, तेही तुमच्याच पैशातून. टक्का ऐकला की पहिला प्रश्न विचारा: कशाचा?

कर: इथे खरी तफावत पडते

मार्च २०२० पर्यंत फंडाचा लाभांश गुंतवणूकदाराच्या हातात करमुक्त होता. फंडच लाभांश वितरण कर भरून उरलेली रक्कम देई. इक्विटी फंडांवर, म्हणजे मुख्यतः शेअर घेणाऱ्या फंडांवर, तोही २०१८ पर्यंत नव्हता. त्यामुळे जुन्या लेखांत किंवा जुन्या सल्लागारांकडून 'लाभांश करमुक्त असतो' असं ऐकू आलं तर ते त्या काळापुरतं खरं होतं. १ एप्रिल २०२० पासून चित्र उलटलं. लाभांशाची सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात मिळवली जाते आणि तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. एका फंड घराण्याकडून वर्षाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त लाभांश आला तर दहा टक्के टीडीएस आधीच कापला जातो. ही मर्यादा एप्रिल २०२५ पूर्वी ५,००० होती.

ग्रोथमध्ये युनिट विकेपर्यंत करच नाही. इक्विटी फंडाचं युनिट वर्षाहून जास्त ठेवून विकलं तर तो दीर्घ मुदतीचा नफा. एका आर्थिक वर्षात असा सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आणि त्यापुढच्या नफ्यावर १२.५ टक्के कर. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर २० टक्के. हे दर जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पातले आहेत.

आता वीस वर्षांचा हिशेब मांडू. हे गृहीतकांवरचं गणित आहे, कोणत्याही फंडाचं आश्वासन नाही. २ लाख रुपये एकदाच गुंतवले आणि फंडाने वर्षाला सरासरी १२ टक्के वाढ दिली असं धरू. ग्रोथमध्ये वीस वर्षांनी ते सुमारे १९.२९ लाख होतात. एकाच वर्षात सगळं विकलं, सव्वा लाखाची सूट वजा करून १२.५ टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर भरला, तरी हाती सुमारे १७.२ लाख उरतात.

त्याच फंडाचा लाभांश पर्याय घेतला. त्या १२ टक्क्यांपैकी ८ टक्के तो दरवर्षी वाटतो आणि कर भरून उरलेले पैसे तुम्ही शिस्तीने पुन्हा त्यातच घालता, असं समजा. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या माणसाच्या हाती शेवटी, विक्रीवरचा करही वजा जाता, सुमारे ११.९ लाख येतात. वीस टक्क्यांच्या स्लॅबमध्ये सुमारे १३.८ लाख. फंड तोच, बाजार तोच, जोखीम तीच. पाच लाखांचा फरक फक्त त्या चौकटीने पाडला.

यात १२.५ टक्के आणि ३० टक्के या दरांतला फरक आहेच. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वेळ. दरवर्षी भरलेल्या कराचे पैसे पुढची पंधरा-अठरा वर्षं वाढले असते, ते वाढायचे राहून गेले. ग्रोथमध्ये सरकारला द्यायचा करसुद्धा तोवर तुमच्यासाठी काम करत असतो. पुनर्गुंतवणुकीची वाट, म्हणजे लाभांश घेऊन त्याचेच युनिट घेणं, मला सगळ्यांत कमी समजते. हातात काहीच येत नाही, तरी कर मात्र भरावा लागतो. लांब पल्ल्यासाठी ती निवडण्याचं एकही चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

डेट फंडांचं, म्हणजे रोख्यांत पैसे घालणाऱ्या फंडांचं काय? १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या डेट फंडांच्या नफ्यावर, कितीही वर्षं ठेवले तरी, स्लॅबप्रमाणेच कर लागतो. दराचा फायदा तिथे संपला. तरीही कर विकेपर्यंत पुढे ढकलला जातो आणि काढलेल्या रकमेतल्या फक्त नफ्याच्या भागावर लागतो, म्हणून ग्रोथ तिथेही सरस ठरतो.

"पण मला दरमहा घरखर्चाला पैसे लागतात"

ही गरज अगदी खरी आहे आणि लाभांश निवडणाऱ्या बहुतेकांच्या मनात हीच असते. त्यासाठी एसडब्ल्यूपी आहे. ग्रोथ पर्यायातून दर महिन्याच्या ठरावीक तारखेला ठरावीक रकमेचे युनिट विकून पैसे खात्यात जमा करायची ही सोय. दरमहा ठरावीक रक्कम फंडात घालायच्या एसआयपीच्या नेमकी उलट. रक्कम तुम्ही ठरवता, वाढवता, कमी करता, हवी तेव्हा थांबवता.

लाभांशाचं तसं नाही. तो कधी आणि किती द्यायचा हे फंड घराणं ठरवतं. वाटपायोग्य शिल्लक नसेल तर ते काही देऊ शकत नाही. मार्च २०२० मध्ये सेन्सेक्स जानेवारीतल्या ४२ हजारांच्या पातळीवरून २६ हजारांच्या खाली उतरला. अशा काळात लाभांश आटण्याची भीती सगळ्यांत जास्त असते, आणि घरातल्या माणसाला पैशांची गरजही नेमकी तेव्हाच असते.

एसडब्ल्यूपीतही धोका आहे, तो लपवून चालणार नाही. एनएव्ही पडलेली असताना तेवढेच रुपये काढायला जास्त युनिट विकावे लागतात. पडझड लांबली आणि तुम्ही काढत असलेली रक्कम मोठी असेल तर कणगी वेळेआधी रिकामी होईल. दहा लाखांवर महिन्याला दहा हजार, म्हणजे वर्षाला बारा टक्के काढायचे आणि मुद्दल टिकेल अशी आशा धरायची, हे जमणारं नाही. वर्षाला चार-पाच टक्क्यांच्या आसपास राहणं शहाणपणाचं. शिवाय दोन-तीन वर्षांचा घरखर्च मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांच्या फंडात, वेगळा ठेवावा, म्हणजे पडत्या बाजारात इक्विटी फंडाला हात लावावा लागत नाही. मी कोणाही निवृत्त माणसाला आधी ही तरतूद करायला सांगेन, फंडाचं नाव नंतर.

पूर्वीच्या उदाहरणात कर शून्य आला कारण वर्षभरात नफा थोडाच झाला होता. गुंतवणूक जुनी होत जाते तसा प्रत्येक विकलेल्या युनिटातला नफ्याचा वाटा वाढतो. पैसे तिप्पट झाले असतील तर काढलेल्या प्रत्येक तीन रुपयांतले दोन नफ्याचे. तरी सव्वा लाखाची सूट दरवर्षी नव्याने मिळते.

"बाजार वर असताना नफा घरी आणलेला बरा ना?"

हा आक्षेप सगळ्यांत वजनदार आहे. वर गेलेलं खाली येतं, मग थोडं काढून घेतलं तर बिघडलं कुठे?

बिघडत काहीच नाही. काढायचे असतील तर ग्रोथमधूनही काढता येतात, आणि ते केव्हा काढायचे हे तुमच्या गरजेवरून ठरतं. लाभांशात ते फंडाच्या वेळापत्रकावरून ठरतं. मुलीच्या शिक्षणाची फी तीन वर्षांवर आली असेल तर आताच इक्विटीतून थोडे थोडे काढून सुरक्षित जागी नेणं योग्यच. पण हेतू नसताना आलेला लाभांश बचत खात्यात पडतो आणि महिन्याभरात किराणा, पेट्रोल, लग्नाचा आहेर यांत विरून जातो. तो नंतर कधी फंडात परत गेला असं क्वचितच होतं.

याच्या जोडीला आणखी एक युक्तिवाद येतो: लाभांश पर्यायाची एनएव्ही कमी असते, म्हणून तो 'स्वस्त' पडतो आणि युनिट जास्त मिळतात. युनिटांची संख्या जास्त असल्याने काही मिळत नाही. ४० रुपयांची २५० युनिट आणि २५० रुपयांची ४० युनिट, दोन्ही दहा हजारच.

"माझं उत्पन्न कमी आहे, मला करच बसत नाही"

इथे मात्र लाभांशाची बाजू खरोखर उभी राहते, आणि ती प्रामाणिकपणे मांडायला हवी. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत भारतात राहणाऱ्या व्यक्तीचं एकूण उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल तर सवलतीमुळे कर शून्य होतो. लाभांश हे साधं उत्पन्न असल्याने या सवलतीत बसतो. दीर्घ मुदतीचा इक्विटी नफा विशेष दराचा असल्याने त्यावरच्या कराला ही सवलत मिळत नाही. समजा एका निवृत्त शिक्षिकेचं पेन्शन आणि व्याज मिळून सात लाख आहेत आणि दीड लाख लाभांश येतो. एकूण साडेआठ लाख, कर शून्य. टीडीएस कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो.

याच बाईंनी ग्रोथमधून दीड लाख काढले तरी त्यातला नफा सव्वा लाखाच्या आत असण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे तिथेही कर शून्य. काढायची रक्कम बरीच मोठी आणि फंड जुना असेल तरच लाभांश कराच्या बाबतीत पुढे जातो. तिथेही रक्कम अनिश्चित असते हा दोष उरतोच. त्यामुळे कमी उत्पन्नाच्या निवृत्त माणसाने लाभांश पर्याय ठेवला असेल तर मी त्याला चूक म्हणणार नाही. फक्त घरखर्च त्याच्यावर बांधू नये. कमावत्या वयाच्या, पुढची पंधरा-वीस वर्षं हे पैसे न लागणाऱ्या माणसासाठी मात्र माझं मत ठाम आहे: ग्रोथ.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना ही बारा लाखांची सवलत लागू नाही. त्यांच्या लाभांशावर रक्कम कितीही असली तरी वीस टक्के आणि वर उपकर असा टीडीएस कापला जातो, आणि राहत्या देशातला कर वेगळा पाहावा लागतो.

आधीपासूनच लाभांश पर्यायात पैसे असतील तर

घाईने सगळं हलवू नका. त्याच फंडात आयडीसीडब्ल्यूमधून ग्रोथमध्ये जाणं हे आयकराच्या दृष्टीने विकून पुन्हा घेणंच आहे. नफा झाला असेल तर कर लागतो आणि वर्षभरही न झालेल्या युनिटांवर तो जास्त लागतो. एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याबद्दल फंड कापतो ती रक्कम, लागतो का तेही आधी बघून घ्या.

पहिलं काम सोपं आहे. लाभांश पर्यायात चालू असलेली एसआयपी थांबवून तीच रक्कम त्याच फंडाच्या ग्रोथमध्ये सुरू करा. नव्या पैशांचा प्रश्न तिथेच मिटतो. आधी 'पुनर्गुंतवणूक' निवडली असेल आणि घरखर्चाला पैसे लागत असतील तर ती 'खात्यात जमा' करून घेता येते, त्यासाठी युनिट विकावे लागत नाहीत.

मग जुन्या युनिटांकडे वळा. फंड घराण्याच्या किंवा युनिटांच्या नोंदी ठेवणाऱ्या रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावरून भांडवली नफ्याचा उतारा काढा. लाभांश पर्यायात बराचसा नफा आधीच वाटून गेलेला असल्याने उरलेला नफा अनेकदा अपेक्षेपेक्षा कमी निघतो, आणि तो सव्वा लाखाच्या आत असेल तर एकाच वर्षात कर न भरता ग्रोथमध्ये जाता येतं. जास्त असेल तर काही युनिट मार्चच्या अखेरीपूर्वी आणि उरलेली एप्रिलमध्ये, असे दोन आर्थिक वर्षांत विभागून हलवा. नवऱ्याच्या आणि बायकोच्या नावावर आपापल्या कमाईतून केलेली गुंतवणूक वेगळी असेल तर दोघांची सूट वेगळी धरता येते.

ग्रोथमध्ये गेलेल्या युनिटांचा धारणकाळ त्या दिवसापासून नव्याने मोजला जातो. त्यामुळे पुढच्या बारा महिन्यांत लागणार असलेले पैसे या बदलात गुंतवू नका, ते बाहेरच राहू द्या.